दिवा पोहणाऱ्यालाही दिसावा

जलतरण स्पर्धेत वेळाधिकारी म्हणून काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की भोंग्याच्या आवाजावर घड्याळ सुरू करायचे नाही. भोंग्याबरोबर जो दिवा चमकतो त्याच्याकडे नजर ठेवायची आणि दिवा चमकताच बटण दाबायचे. यामागचे कारण आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे २५ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचे सात शतांश लागतात, आणि प्रकाशाला लागणारा वेळ मात्र आपल्या कोणत्याही घड्याळात मावणार नाही इतका सूक्ष्म असतो. ज्या खेळात एका शतांशाने पदक हुकते, त्या खेळात घड्याळ धरणाऱ्याच्या कानावर विसंबून चालत नाही, हे सर्वांना मान्य आहे आणि त्यावर कधी वाद झाल्याचे मी ऐकलेले नाही.

मी गेली अनेक वर्षे जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांमध्ये हे काम करते. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माझ्या हाती आलेल्या लेनवर बारा-तेरा वर्षांची एक कर्णबधिर मुलगी होती. शर्यतीपूर्वी तिने दोन्ही कानांतली श्रवणयंत्रे काढून डबीत ठेवली आणि डबी आईच्या हातात दिली, कारण श्रवणयंत्र घालून पाण्यात उतरता येत नाही. तिच्या प्रशिक्षकांनी मुख्य पंचांना विनंती केली की आरंभकाने भोंगा वाजवताना हातही खाली करावा, किंवा चमकणारा दिवा तिला दिसेल असा ठेवावा. तशी तरतूद स्पर्धेच्या नियमपत्रकात नसल्याने ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. दिवा आमच्याकडे, म्हणजे वेळाधिकाऱ्यांकडे, तोंड करून होता. तो चमकला, मी बटण दाबले, आणि घड्याळातले आकडे धावू लागले तरी ती मुलगी माझ्यासमोर ब्लॉकवर, म्हणजे उडी मारण्याच्या चौथऱ्यावर, वाकून तशीच उभी होती. शेजारच्या लेनमधली मुलगी हललेली डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्यावर मग तिने उडी मारली. तिची जी वेळ मी कागदावर लिहिली, तिच्यात तिच्या पोहण्याशी काहीही संबंध नसलेला काही काळ मिसळलेला होता, आणि तो मिसळताना माझा अंगठा बटणावर होता. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, याची टोचणी मला अजून आहे, आणि हा लेख लिहिण्यामागे ती आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की स्पर्धेतल्या पोहण्यात बहिरेपणाचा अडसर जवळजवळ सगळा पहिल्या एका सेकंदात असतो, तो सेकंद पूर्णपणे आयोजकांच्या हातात असतो, आणि म्हणून दृश्य आरंभाची सोय ही विनंतीवरून दिली जाणारी सवलत न राहता जिल्ह्यापासून वरच्या प्रत्येक स्पर्धेच्या नियमांचा भाग झाली पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही, हे दाखवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या टेरेन्स पार्किनची कारकीर्द पुरेशी आहे.

पार्किनचा जन्म १२ एप्रिल १९८० रोजी बुलावायो येथे झाला, म्हणजे झिंबाब्वे स्वतंत्र होण्याच्या सहाच दिवस आधी. त्याला ऐकू येत नाही. कुटुंब पुढे दक्षिण आफ्रिकेत आले आणि डर्बनमध्ये ग्रॅहम हिल या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो तयार झाला. याच हिल यांचा दुसरा शिष्य चाड ले क्लॉस याने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्सला अवघ्या पाच शतांशांनी मागे टाकले, यावरून त्या प्रशिक्षकाची योग्यता लक्षात यावी. पार्किन आणि हिल यांच्यातला संवाद हातांच्या खुणांनी चालत असे. पोहणारा पाण्यात असताना काठावरून ओरडून सूचना देण्याची जी सवय बहुतेक प्रशिक्षकांना असते, तिला येथे वावच नव्हता. जे सांगायचे ते आधी, समोरासमोर, नजरेला नजर देऊन सांगावे लागत होते. मला अनेकदा वाटते की या शिस्तीचा लाभ ऐकू येणाऱ्या मुलांनाही व्हावा, कारण तोंडात पाणी आणि कानांवर टोपी असताना काठावरच्या आरडाओरड्यातले त्यांना तरी कितीसे कळत असेल. पण तो विषय वेगळा.

२००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये २० सप्टेंबर रोजी पुरुषांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम फेरी झाली. इटलीचा डोमेनिको फिओरावांती २ मिनिटे १०.८७ सेकंदांत पहिला आला. पार्किनने २ मिनिटे १२.५० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले, आणि इटलीचाच दाविदे रुमोलो २ मिनिटे १२.७३ सेकंदांसह तिसरा राहिला. दक्षिण आफ्रिकेला त्या ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण मिळाले नव्हते. दोन रौप्य आणि तीन कांस्य एवढीच कमाई होती, आणि त्या दोन रौप्यांपैकी एक या वीस वर्षांच्या कर्णबधिर मुलाचे होते. पार्किन दिव्याच्या झोतावर सुरुवात करत असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांतले २३ शतांशांचे अंतर येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. शेजाऱ्याची हालचाल पाहून उडी मारावी लागली असती, तर तेवढे अंतर आरंभीच हातचे जाऊ शकले असते. ते रौप्यपदक त्याच्या पायांनी आणि फुप्फुसांनी मिळवले हे खरेच आहे, पण ते त्याच्याकडेच राहिले यात एका दिव्याचाही वाटा आहे.

पार्किन २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही उतरला. त्याच्या कारकिर्दीची दुसरी बाजू मात्र आपल्याकडच्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. १९९७ साली कोपनहेगन, २००१ साली रोम, २००५ साली मेलबर्न आणि २००९ साली तैपेई अशा चार डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या जागतिक क्रीडास्पर्धांमध्ये, त्याने तीसहून अधिक पदके मिळवली आणि त्यांतली बहुतेक सुवर्ण होती. मेलबर्नमध्ये तर त्याने सायकलिंगमध्येही पदक घेतले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात पडल्यावर त्याने कर्णबधिरांच्या स्पर्धांकडे पाठ फिरवली नाही. पुढच्याच वर्षी तो रोमला गेला आणि पुढे आठ वर्षे जात राहिला. ऐकणाऱ्यांच्या जगात जागा मिळाली की कर्णबधिरांचे जग मागे टाकायचे असते, अशी जी समजूत आपल्या पालकांत आणि काही शिक्षकांतही आढळते, तिला पार्किनच्या या वागण्यातून उत्तर मिळते. दोन्ही ठिकाणे त्याची होती आणि त्याने कोणतेही एक सोडले नाही.

अशा खेळाडूंविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते की बहिरेपणा हेच त्यांचे बळ ठरले, प्रेक्षकांचा गोंगाट ऐकू येत नसल्याने त्यांचे मन विचलित होत नाही. मला हा विचार पटत नाही आणि तो निरुपद्रवीही वाटत नाही. पाण्यात तोंड असताना ऐकणाऱ्या पोहणाऱ्यालाही प्रेक्षकांचे फारसे ऐकू येत नाही, त्यामुळे फायद्याचा हिशेब मुळातच चुकतो. शिवाय बहिरेपणाला एकदा देणगी ठरवले की आयोजकांवर कसलीच जबाबदारी उरत नाही. देणगी मिळालेल्याला वर दिवा कशाला हवा, असा प्रश्न विचारायला वाट मोकळी होते. शांततेचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या शांततेत भोंग्याची वाट पाहत वाकून उभ्या राहिलेल्या मुलीकडे एकदा पाहावे. मान खाली, हनुवटी छातीशी, नजर पाण्याकडे, ही आरंभाची योग्य ठेवण असते. शेजाऱ्यावर नजर ठेवायची म्हणजे मान वळवावी लागते, ती वळवली की खांदा फिरतो, आणि उडी वाकडी पडते. म्हणजे नुकसान केवळ उशिराचे नसते, उशिरा होणारी उडीही बिघडलेली असते. त्यात पुन्हा एखाद्या शेजाऱ्याने चुकून आधी हालचाल केली तर त्याच्यापाठोपाठ तीही पाण्यात जाते आणि आता एकाच चुकीच्या आरंभाला बाद करण्याचा नियम असल्याने तिचीही शर्यत धोक्यात येते.

अमेरिकेच्या जेफ फ्लोटची कथा या दृष्टीने मला फार बोलकी वाटते. तेरा महिन्यांचा असताना मेंदूच्या आवरणाला झालेल्या विषाणूजन्य दाहाने त्याची बहुतेक श्रवणशक्ती गेली. १९७७ साली बुखारेस्ट येथे झालेल्या कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धांत त्याने दहा सुवर्णपदके मिळवली. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी तो अमेरिकन संघात निवडला गेला होता, पण अमेरिकेने बहिष्कार घातला आणि त्याची चार वर्षे गेली. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये ४ गुणिले २०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत माइक हीथ, डेव्हिड लार्सन, फ्लोट आणि ब्रूस हेज या चौघांनी पश्चिम जर्मनीला मागे टाकले. जर्मनांचा शेवटचा पोहणारा मायकेल ग्रॉस २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्या काळात जगात सर्वांत वेगवान होता आणि त्याने मधले अंतर जवळजवळ पूर्ण भरून काढले होते, तरीही अमेरिका चार शतांश सेकंदांनी जिंकली. फ्लोट तिसऱ्या टप्प्यावर पोहला होता.

हा तिसरा टप्पा महत्त्वाचा आहे. रिलेतल्या पहिल्या पोहणाऱ्यालाच आरंभकाचा आवाज लागतो. बाकीचे तिघे ब्लॉकवर उभे राहून येणाऱ्या सोबत्याचा हात भिंतीला टेकताना पाहतात आणि त्यावर आपली उडी जुळवतात. म्हणजे नजरेने सुरुवात करणे ही जलतरणाला परकी असलेली, कर्णबधिरांसाठी नव्याने शोधून काढलेली गोष्ट नाही. जगातल्या प्रत्येक रिले शर्यतीत चारपैकी तीन पोहणारे तसेच सुरू होतात आणि त्या संघांच्या वेळा अधिकृत धरल्या जातात, विक्रम म्हणून नोंदवल्या जातात. तिसऱ्या टप्प्यावर उभ्या असलेल्या फ्लोटमध्ये आणि शेजारच्या लेनमधल्या जर्मन पोहणाऱ्यात त्या क्षणी काहीच फरक नव्हता. फरक जिथे पडत नाही तिथे तो का पडत नाही, हे नीट पाहिले तर जिथे पडतो तिथला उपाय आपोआप सापडतो.

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप न्याय्यतेचा असतो. एकालाच दिवा दिला तर इतरांवर अन्याय होणार नाही का, असे विचारले जाते आणि विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात. याचे उत्तर ऐकणाऱ्यांसाठी आधीच केलेल्या सोयीत आहे. आरंभक तलावाच्या एका बाजूला उभा असतो, त्याच्या जवळच्या लेनला आवाज आधी आणि दूरच्या लेनला नंतर पोहोचतो. आठ लेनच्या तलावात पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साधारण साडेसतरा मीटरचे अंतर पडते, म्हणजे आवाजाला पाच शतांश सेकंद जास्त लागतात. ले क्लॉसने फेल्प्सला हरवले ते याच अंतराने. हा अन्याय दूर करण्यासाठी मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकच्या मागे स्वतंत्र ध्वनिक्षेपक बसवला जातो. त्याला कोणी सवलत म्हणत नाही. ऐकणाऱ्यांना आवाज एकाच वेळी पोहोचावा म्हणून आठ ध्वनिक्षेपक बसवणे हा जर क्रीडान्याय असेल, तर न ऐकणाऱ्याला तीच सूचना त्याच क्षणी मिळावी म्हणून एक दिवा बसवणे हाही क्रीडान्यायच आहे. राहिला प्रश्न दिव्यामुळे कर्णबधिराचा फायदा होण्याचा. माणसाचे शरीर आवाजाला प्रकाशापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देते, तीन-चार शतांशांचा तो फरक असतो, त्यामुळे दिव्यावर सुरुवात करणारा झालाच तर थोडा मागेच राहतो.

दुसरा आक्षेप मला पालकांकडून ऐकायला मिळाला आणि तो मी अधिक गांभीर्याने घेते. वेगळा दिवा लावला की आमचे मूल सगळ्यांपासून वेगळे दिसते, असे एका आईने मला सांगितले. मुलाने बोलावे, ओठ वाचावेत, चारचौघांत मिसळून जावे यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे वाचोपचाराच्या खेपा घातल्या आहेत, त्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच दिवा एका लेनला लावण्याऐवजी सगळ्या लेनना लावावा. ज्याला हवा त्याने पाहावा, ज्याला नको त्याने आवाजावर जावे. मग वेगळे कोणीच दिसत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणसाधन, असलेल्या मुलांची संख्या आता वाढते आहे आणि अनेकांचा समज असा की त्यांचा प्रश्न सुटला; पण त्या यंत्राचा बाहेरचा भाग पोहताना सहसा काढून ठेवावा लागतो, आणि एरवी वर्गात उत्तम ऐकणारे मूल ब्लॉकवर उभे राहते तेव्हा पूर्ण बहिरे असते. त्या मुलांची नोंद कोणत्याही क्रीडा संघटनेकडे कर्णबधिर म्हणून नसण्याचीच शक्यता अधिक. सगळ्या लेनवरचा दिवा त्यांनाही न विचारता उपयोगी पडेल.

दिवा कसा हवा, हेही सांगितले पाहिजे, कारण वाईट सोय ही नसलेल्या सोयीपेक्षा फारशी बरी नसते. तो उंचावर किंवा आरंभकाच्या हातात असून भागत नाही, वाकलेल्या पोहणाऱ्याची नजर जिथे पडते तिथे, खाली, ब्लॉकच्या पुढच्या कडेजवळ तो असायला हवा. बॅकस्ट्रोकमध्ये पोहणारा पाण्यात, भिंतीकडे तोंड करून असतो, त्याला तो भिंतीशी दिसला पाहिजे. 'टेक युवर मार्क्स', म्हणजे सुटण्यासाठी तयार व्हा, या सूचनेसाठी एक आणि सुटण्यासाठी दुसरी अशा दोन वेगळ्या खुणा लागतात. जिथे विजेची उपकरणे नाहीत तिथे आरंभकाने ठरलेल्या पद्धतीने हात वर-खाली केला तरी काम भागते. त्यासाठी आरंभकाने ती पद्धत शिकलेली असावी आणि पोहणाऱ्याला तो दिसेल अशी लेन द्यावी, एवढेच लागते, आणि त्यासाठी खर्च येतो तो शून्य रुपये.

आता एक मोठा प्रश्न. कर्णबधिरांच्या स्वतंत्र स्पर्धा असताना त्यांनी इतरांच्या स्पर्धांत यावेच कशाला, असे म्हटले जाते. या स्वतंत्र स्पर्धांचा इतिहास अभिमानास्पद आहे. फ्रान्सचे युजेन रुबेन्स-अल्केस यांच्या पुढाकाराने १९२४ साली पॅरिसमध्ये पहिल्या स्पर्धा झाल्या, तेव्हा नऊ देशांचे १४८ खेळाडू आले होते. आज ज्यांना पॅरालिंपिक म्हणतात त्या स्पर्धा यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाल्या. चांगल्या कानाने ५५ डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू न येणारा खेळाडू तेथे पात्र ठरतो आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र वापरण्यास सर्वांनाच मनाई असते. १९९५ साली कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना पॅरालिंपिक समितीतून बाहेर पडली. पॅरालिंपिकच्या जलतरणात शारीरिक, दृष्टीविषयक आणि बौद्धिक अपंगत्वाचे गट आहेत, कर्णबधिरांचा गट नाही. संवादाची भाषा वेगळी असलेल्या समाजाला आपल्या स्पर्धा आपण चालवाव्यात असे वाटणे मला पूर्णपणे योग्य वाटते. पण त्या निर्णयाची किंमत आपल्या देशात खेळाडूंना मोजावी लागली आहे, कारण आपल्या सरकारी योजना ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक या दोनच शब्दांत विचार करत आल्या.

हरयाणाचे कर्णबधिर कुस्तीगीर वीरेंद्र सिंग यांनी डेफलिंपिक्समध्ये तीन सुवर्णपदके मिळवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारल्यावर दुसऱ्याच दिवशी ते दिल्लीतल्या हरयाणा भवनाबाहेर पदपथावर पदके घेऊन बसले, कारण पॅरा खेळाडूंना मिळतात ते हक्क कर्णबधिर खेळाडूंना मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. दोनच महिन्यांनी पंजाबची कर्णबधिर बुद्धिबळपटू मलिका हांडा हिने नोकरी आणि बक्षीस नाकारले गेल्याची व्यथा समाजमाध्यमांवर मांडली. तिला सांगण्यात आले होते की कर्णबधिरांच्या खेळासाठी तसे धोरणच नाही. त्यानंतर काही महिन्यांतच मे २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या डेफलिंपिक्सला गेलेल्या ६५ भारतीय खेळाडूंनी आठ सुवर्णांसह सोळा पदके आणली आणि त्यांचे कौतुक झाले. कौतुक व्हावेच. पण पदक मिळाल्यावर होणाऱ्या कौतुकाने बारा वर्षांच्या मुलीला जिल्हा स्पर्धेत भोंगा दिसू लागत नाही. स्वतंत्र स्पर्धांपर्यंत पोहोचणारा जलतरणपटूसुद्धा आधी आपल्या गावच्या, शाळेच्या, जिल्ह्याच्या तलावातच घडतो, आणि तिथे त्याच्यासोबत पोहणारी मुले ऐकणारीच असतात. तो रस्ता बंद ठेवून वरच्या दारावर तोरण बांधण्यात अर्थ नाही.

कायद्याच्या भाषेतही एक विसंगती आहे. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांची ७० डेसिबल श्रवणहानी असलेल्याला कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल असलेल्याला अल्पश्रवण मानले आहे. म्हणजे ५५ ते ६० डेसिबलच्या मधला एखादा खेळाडू जागतिक स्पर्धेत कर्णबधिर म्हणून उतरू शकतो, पण घरी त्याच्याकडे प्रमाणपत्र नसते. आरंभाच्या दिव्यासाठी प्रमाणपत्र मागू नये, हे यातून मला सुचते.

महाराष्ट्राला या विषयात सांगण्यासारखे स्वतःचे काही आहे. मुंबईचे तारानाथ शेनॉय यांना ऐकू येत नव्हते, दृष्टीही अधू होती, आणि त्यांनी १९८०च्या दशकात इंग्लिश खाडी पोहून पार केली; पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याही आधी, १९२६ साली, इंग्लिश खाडी पार करणारी पहिली स्त्री गर्ट्रूड एडरल हिला लहानपणी झालेल्या गोवरामुळे कमी ऐकू येत असे, आणि पुढे पूर्ण बहिरी झाल्यावर तिने न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन कर्णबधिर शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवले. दीर्घ पल्ल्याच्या सागरी पोहण्यात ही नावे का ठळक दिसतात, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्या दोघांची जिद्द आणि ताकद हे पहिले कारण आहेच. पण समुद्रात आरंभीच्या शतांशाला किंमत नसते आणि सोबतच्या नावेवरची माणसे हाताने खुणा करूनच बोलतात, कारण लाटांच्या आवाजात ऐकणाऱ्यालाही ऐकू येत नाही, हेही मला दिसते. जिथे सगळ्यांनाच नजरेने बोलावे लागते तिथे बहिरेपणाचे ओझे हलके होते. तलाव त्या मानाने फार सोपी जागा आहे, आणि आपण ती अवघड करून ठेवली आहे.

वर उल्लेखलेल्या कायद्याच्या कलम ३० मध्ये सर्व क्रीडाप्रकारांत दिव्यांगांचा सहभाग शक्य व्हावा म्हणून सुविधांची फेररचना करावी आणि बहुसंवेदी साधनांची तरतूद करावी, असे शासनाला बांधून घातले आहे. एकाहून अधिक इंद्रियांना कळेल अशी सूचना, हाच या तरतुदीचा साधा अर्थ आहे, आणि आरंभाचा दिवा तिच्यात नेमका बसतो. नियम नाही म्हणून सोय नाही, हे उत्तर त्यामुळे हा कायदा आल्यापासून टिकणारे नाही. महापालिकांचे तलाव चालवायला देताना केल्या जाणाऱ्या करारांत, जिल्हा क्रीडा कार्यालयांच्या शालेय स्पर्धांच्या परिपत्रकात आणि पंचांच्या प्रशिक्षण वर्गात ही गोष्ट यायला हवी. तलावावरच्या जीवरक्षकांना आणि प्रशिक्षकांना भारतीय सांकेतिक भाषेतल्या वीस-पंचवीस खुणा शिकवणे हे एका दुपारचे काम आहे. २०१५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा कोश तयार करून ठेवला आहे, त्यामुळे साहित्य नाही अशीही सबब उरलेली नाही. शिट्टी ऐकू येत नाही म्हणून सुरक्षिततेच्या कारणावरून कर्णबधिर मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या तलावांनी शिट्टीबरोबर एक लाल झेंडा ठेवला, तर ते कारणही संपेल.

सुरुवात कुठून करायची, असे मला कोणी विचारले तर मी स्पर्धेच्या प्रवेश अर्जाकडे बोट दाखवीन. त्यात जन्मतारीख असते, रक्तगट असतो, शाळेचा शिक्का असतो, आपत्कालीन संपर्क असतो. तिथे 'दृश्य आरंभ हवा: होय / नाही' अशी एक ओळ छापावी. ज्या आयोजकांच्या हाती असा अर्ज येईल त्यांना स्पर्धेच्या दिवशी नियमपत्रक चाळण्याची वेळ येणार नाही, आरंभकाला आधी कळेल, आणि माझ्यासारख्या वेळाधिकाऱ्यांसमोरचा दिवा थोडा फिरवून ब्लॉकच्या दिशेने ठेवायला सकाळची पाच मिनिटे मिळतील. आमच्या जिल्ह्याच्या येत्या हंगामाचा अर्ज अजून छापायला गेलेला नाही. ही ओळ त्यात घालावी, असे पत्र मी संघटनेला दिले आहे.